दोरी दिसली तर दिसू द्या

नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १९६६ रोजी, इंग्लंडच्या टीव्हीवर ‘थंडरबर्ड्स’ या बाहुल्यांच्या मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला. गोष्टही नाताळचीच होती: खेळण्यांनी भरलेलं रॉकेट मुलांच्या इस्पितळाकडे निघायचं असतं आणि त्यात दोन चोर अडकतात. बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत डिसेंबरात घरोघरी चांदण्या लागतात, गोठे सजतात. त्या दिवसांत असले जुने कार्यक्रम आता मोबाइलवर कुणालाही पाहता येतात. पाहताना प्रश्न पडतो, की सणाच्या दिवशी घरभर मिळून बाहुल्या पाहायची सवय आपल्या टीव्हीनं का लावली नाही? कलावंत नव्हते, असं तर मुळीच नाही.

आधी ‘थंडरबर्ड्स’ची करामत पाहू. गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांच्या या बाहुल्या बारीक तारांवर लटकायच्या. संवाद आधी टेपवर मुद्रित केलेले असत. त्या आवाजावर चालणारा विजेचा झटका तारेतून बाहुलीच्या डोक्यात पोचायचा आणि आतल्या छोट्या विद्युतचुंबकामुळे खालचा ओठ हलायचा. हे यंत्र डोक्यात बसवायचं म्हणून डोकी धडाच्या मानानं मोठी. चालणं मात्र कधीच जमलं नाही. म्हणून पात्रं सारखी विमानात, मोटारीत, नाहीतर सरकत्या खुर्चीत! तारा दिसू नयेत म्हणून त्या रंगवायच्या, प्रकाश सांभाळायचा. निम्मी मेहनत लपवाछपवीतच जायची.

जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या मंडळींनी हा खटाटोप केलाच नाही, आणि मला तीच जास्त आवडतात. वाल्टर ओमिशेन यांचा बाहुल्यांचा पहिला रंगमंच १९४४च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. बरोबर चार वर्षांनी, २६ फेब्रुवारी १९४८ला, त्यांनी एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत नवं थिएटर उघडलं. मुलगी हानेलोरे बाहुल्या कोरायची. १९५३पासून ते टीव्हीवर आले. पुढे त्यांच्या मालिका नाताळआधीच्या रविवारी लागू लागल्या. गोष्टीत नाताळ असेलच असं नाही. ड्रॅगन असेल, आगगाडीचं इंजिन असेल. त्यांचा समुद्र म्हणजे हलवलेला प्लॅस्टिकचा पातळ कागद. दोऱ्या उघड दिसतात, आणि दोन मिनिटांत दिसेनाशा होतात. सण गोष्टीत नव्हता, तो वारात होता.

अमेरिकेत १९५३ साली एका टेलिफोन कंपनीच्या पैशातून दोरीच्या बाहुल्यांचा ‘द स्पिरिट ऑफ ख्रिसमस’ झाला. १९६४चा ‘रुडॉल्फ’ याच पंगतीत बसवला जातो, पण त्यात दोरी नाहीच. टोकियोत बाहुल्या कणाकणानं हलवून एकेक चित्र टिपत तो बनवला होता.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. तोवर अर्धवटराव पन्नाशी ओलांडून गेले होते! यशवंत पाध्ये यांनी १९१६ साली घडवलेला हा बोलका बाहुला रामदास पाध्ये यांनी पुढे चालवला, आवडाबाईंसह दूरदर्शनवर आणला. शब्दभ्रमाची खरी कसोटी मराठीत प-वर्गाशी. प, फ, ब, भ, म ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत आणि शब्दभ्रमकाराला ओठ हलवायचे नसतात. ‘बाबा’, ‘मामा’ हे बाळाचे पहिले शब्द इथे सगळ्यांत अवघड. रंगमंचावर मागच्या रांगेला ओठ दिसत नाहीत. टीव्हीचा कॅमेरा हनुवटीपाशी येऊन बसतो. ही चोरी पकडू पाहणाऱ्या कॅमेऱ्यापुढेच पाध्ये लोकप्रिय झाले. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा त्यांचाच. महेश कोठारे यांच्या १९९३च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचूही त्यांनीच घडवला. मराठीतला सर्वांत गाजलेला बाहुला खुनशी निघावा, ही गंमतच म्हणायची.

बोलका बाहुला पेटीतून येतो, खुर्चीवर बसतो आणि कुठल्याही कार्यक्रमात पाच मिनिटं खपतो. दोरीच्या बाहुलीला मात्र वर माणूस उभा राहील असा मंच लागतो, तिच्या मापाचं नेपथ्य लागतं, गाणारे-वाजवणारे लागतात. तिला पाहुणी म्हणून बोलावून भागत नाही. तिचं घरच स्टुडिओत उभारावं लागतं. जर्मन वाहिनीनं ते केलं, आपल्याकडे झालं नाही. माझ्या मते कारण इतकंच आहे. दिवाळीत वाहिन्या गाण्यांच्या मैफली आणि नटनट्यांचे फराळ दाखवत राहिल्या.

खरं तर कळसूत्री बाहुल्या आपल्याकडे कधीच्या आहेत. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत त्या नाचवतात, चित्रकथीही सांगतात. रामायण-महाभारतातले प्रसंग, सोबत गाणं आणि वाद्यं. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं; २०२१च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या बाहुल्यांची दोरी कुणी लपवत नाही. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत रोज इतक्या मालिका चित्रित होतात, तिथे वर्षातून चार रविवार यांच्यासाठी राखणं कुणाला जड जाऊ नये. वसुबारसेच्या आधीचे चार रविवार घ्या, गोष्ट कुठलीही घ्या, पण वेळ बदलू नका.

वाहिन्या ऐकतील तेव्हा ऐकतील. बोरिवली-मुलुंडची निम्मी कोकणी मंडळी दिवाळीच्या सुट्टीत गावी जातातच. यंदा कुडाळला उतरलात, तर मुलांना पिंगुळीला घेऊन जा, आणि खेळ पाहिल्यावर कलावंतांना बिदागी द्यायला विसरू नका.