पिल्लांतील टोचाटोची व तिचा प्रतिबंध

रात्री धडधाकट असलेल्या पिल्लांपैकी एखाददुसरे सकाळी मरून पडलेले आढळावे, त्याचा शेपटीजवळचा भाग पोखरलेला असावा आणि पालकाने दोष उंदराला किंवा मुंगसाला द्यावा, असा प्रकार नवख्या कुक्कुटपालकाच्या बाबतीत पुष्कळदा घडतो. खरा अपराधी मात्र बहुधा त्याच कळपात असतो. परस्परांना टोचून रक्त काढण्याची खोड एका पिल्लास लागली की इतर पिल्ले तिचे अनुकरण लवकर करतात.

गावठी कोंबडी आपली पिल्ले घेऊन उकिरड्यावर हिंडते, तेव्हा ती दिवसभर उकरण्यात व टिपण्यात गुंतलेली असतात. ब्रूडरखालील पिल्लांना हा उद्योग नसतो. टोचण्याची उपजत प्रवृत्ती मग शेजाऱ्याच्या पिसांकडे वळते. त्यात दाटी, उष्णता व प्रखर प्रकाश यांची भर पडली की पिल्ले चिडखोर बनतात. लहान पिल्ले पायांची बोटे टोचू लागली, तर त्यांना खाद्य पुरेसे मिळत नाही, किंवा भांडे सापडत नाही, असे समजावे.

पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली सुमारे 35 अंश सेल्सिअस उष्णता ठेवून पुढे ती दर आठवड्यास तीन अंशांनी कमी करीत जावे. तापमापकापेक्षाही पिल्लांची वागणूक अधिक बोलकी असते. ती दिव्याखाली गर्दी करतात तेव्हा त्यांना थंडी वाजत असते. चोची उघडून कडेला सरकतात तेव्हा उकाडा असह्य झालेला असतो. वैशाखात दुपारी दिवे चालू ठेवण्याची चूक सर्रास होते. प्रत्येक पिल्लास प्रारंभी अर्धा व चौथ्या आठवड्यानंतर एक चौरस फूट जागा द्यावी. खाद्याच्या भांड्याची कड दर पिल्लामागे पहिले दोन आठवडे अडीच सेंटिमीटर, नंतर सुमारे दुप्पट असावी. खाद्यात प्रथिने, विशेषतः मेथिओनिन, किंवा मीठ कमी पडल्यासही ही खोड बळावते. तथापि, मीठ अंदाजाने वाढवू नये. जास्त मीठ पिल्लांना विषासमान असते.

लसूणघासाच्या जुड्या पिल्लांच्या उंचीवर टांगाव्यात आणि भाताच्या तुसाची गादी कोरडी व भुसभुशीत राखावी. यासारखा स्वस्त उपाय नाही.

जखमी पिल्लू दिसताच वेगळे करावे. त्याच्या जखमेस जेन्शन व्हायोलेट लावल्याने लाल रंग झाकला जातो. प्रकाश मंद करावा, अगर तांबडा दिवा लावावा. त्या उजेडात रक्त ओळखू येत नाही. जखम पूर्ण भरल्याखेरीज पिल्लू कळपात सोडू नये.

अंड्यांसाठी वाढवावयाच्या पिल्लांची चोच सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास तापलेल्या पात्याने छाटण्याची पद्धत आहे. चोचीत मज्जातंतू असल्याने ही क्रिया वेदनादायक ठरते, व अधिक छाटली गेल्यास पिल्लास खाता येत नाही. ते काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे, आणि त्यापूर्वी दाटी व उष्णता तपासून पाहावी. छाटणीनंतर काही दिवस भांड्यात खाद्याचा थर जाड ठेवावा, म्हणजे दुखरी चोच तळाशी आपटत नाही.