घर विकताना (लेखांक ६) : ‘लोन झालं की घेतो’

गेल्या आठवड्यात विक्रीआधी जमवायची कागदपत्रं पाहिली. आता गिऱ्हाईक समोर बसलंय, घर पसंत आहे, भावही जमलाय. पण होकाराला एक ‘तर’ जोडलेला आहे. लोन मंजूर झालं तर. आमचा जुना फ्लॅट विकला गेला तर. वकिलाला कागद पटले तर.

अशा अटींना बिचकू नका. आयुष्यभराची पुंजी लावणाऱ्याने अट घालणं रास्तच आहे. विकणाऱ्याला बुडवते ती मुदत नसलेली अट. भारतीय करार कायदा, 1872 मध्ये सशर्त करारांसाठी स्वतंत्र कलमं आहेत. त्यातलं कलम 35 सांगतं, की अमुक तारखेपर्यंत घडायची गोष्ट तोवर घडली नाही, तर करार आपोआप निरर्थक ठरतो. तारीख लिहिली असेल तर तुम्ही मोकळे. नसेल तर ‘वाजवी मुदत’ म्हणजे किती, यावर भांडत बसायचं.

लोनची अट दिसते तितकी साधी नसते. बँक आधी गिऱ्हाइकाचं उत्पन्न पाहते, मग तुमच्या घराचे कागद आणि किंमत. ‘लोन पास झालंय’ असं सांगणाऱ्याची बरेचदा फक्त पहिली पायरी झालेली असते. समजा, सौदा 90 लाखांचा आहे. 30 लाखांहून जास्त आणि 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांहून जास्त रक्कम देता येत नाही. बँकेच्या माणसाने घराची किंमत 80 लाखच धरली, तर या हिशेबाने कर्ज 72 लाखांवरून 64 लाखांवर येतं. वरचे आठ लाख कुठून आणणार, हे गिऱ्हाइकाला आजच विचारा. किती रकमेचं कर्ज, कोणत्या तारखेपर्यंत आणि मंजुरीपत्र कधी दाखवणार, हे तिन्ही इसार पावतीत लिहून घ्या.

‘आमचा फ्लॅट विकला की’ ही अट मला सगळ्यांत अवघड वाटते, कारण तिथे तुमचं घर तिसऱ्याच माणसाच्या खिशावर अवलंबून राहतं. त्यांच्या फ्लॅटचं नोंदणीकृत साठेखत झालंय का, ते पाहा. झालं नसेल तर घर अडकवून ठेवू नका. ‘दुसरं पक्कं गिऱ्हाईक आलं तर लेखी कळवू, आठ दिवसांत अट सोडा, नाहीतर टोकन परत घ्या,’ असं कलम घाला. प्रामाणिक माणूस ते मान्य करतो.

कागद तपासण्याच्या अटीला पंधरा-वीस दिवस पुरे. तुमची फाइल तयार असली की ती अडत नाही.

उरलं टोकन. गिऱ्हाइकाचा दोष नसताना अट फसली, तर ते परत द्यायचं. कारण नसताना त्याने माघार घेतली, तर गोष्ट निराळी. करार पाळण्याची हमी म्हणून दिलेला इसार अशा वेळी जप्त करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या खटल्यात म्हटलं. मात्र पावतीत तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका आणि रोख परतही करू नका. आयकर कायद्यात दोन्हींवर दंड आहे.

एजंटाकडच्या छापील पावतीवर भागवू नका. चार ओळींचा का होईना, आपला मसुदा वकिलाकडून करून घ्या आणि मगच टोकन स्वीकारा.