सायकलवरची पडशी

नाताळाच्या सुट्टीत ग्वाल्हेरातील तरुण तिघरा धरणाकडे किंवा शिवपुरीच्या वाटेने सायकलींवरून मुक्कामी सहलीस निघतात. आईवडिलांना चिंता असते वाटेची. मला अधिक चिंता वाटते ती सामानाची.

पाठीवर बोचके घेऊन सायकल चालविणे हा निव्वळ देहदंड होय, आणि त्यात पुण्यही नाही. आपले पूर्वज घोड्यावर पडशी टाकीत. भार दोहों बाजूंस सारखा लोंबे. आपले दूधवाले आजही तेच करतात. त्यांच्या बरण्या कॅरिअरवर नसतात, दोन्ही अंगांना खाली टांगलेल्या असतात. भांडी, हत्यारे, शिधा ही जड चीजवस्तू पिशवीच्या तळाशी असावी. वरती केवळ कांबळे. भार उंच गेला की चढावर सायकल झोकांड्या खाते. पिशवी फार पुढे आली तर टाच आपटते, आणि दोरीचे सुटे टोक आऱ्यांत गेले तर स्वार रस्त्यावर फेकला जातो. म्हणून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधावे. भरलेली सायकल उशिरा थांबते. ब्रेकची परीक्षा सामानासकट अंगणातच घ्यावी.

इथली थंडी कडक, म्हणून रजईचा मोह होतो. परंतु गारवा जमिनीतून चढतो. अंगाखाली वर्तमानपत्रांचा थर आणि वर दोन कांबळी पुरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे, तेव्हा ते वाटेतल्या गावी भरून घ्यावे.

प्रभूने बारा प्रेषितांना धाडताना भाकर, झोळी, दुसरा अंगरखा, सारेच वर्ज्य केले. मार्क काठीची मुभा देतो, मत्तय व लूक तीही देत नाहीत. मी हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान यांची मुभा देतो.

आता एक नाजूक गोष्ट. सुखवस्तू घरच्या मुलांच्या नव्या गिअरच्या सायकलींना बहुधा कॅरिअरच नसतो. मग साऱ्यांची पातेली, पीठ, तंबू ज्याच्यापाशी वडिलांची जुनी काळी सायकल आहे त्याच्या माथी येतात. तो संकोचाने नाही म्हणत नाही, आणि पुढे मागे पडला म्हणून त्याचीच थट्टा होते! हे मला मान्य नाही. ज्याच्या सायकलीला कॅरिअर नाही त्याने तो निघण्यापूर्वी बसवून घ्यावा. आदल्या संध्याकाळी ताणकाटा आणून सामायिक सामान सर्वांदेखत तोलावे आणि वाटून द्यावे. सर्वांत दुबळ्या सायकलीची पिशवी शेवटी भरावी.