वारली चित्र सेव्ह करताय? मग हे वाचाच!

पालघर-बोईसर भागात लग्नपत्रिका, टी-शर्ट, दुकानांच्या पाट्या, सगळीकडे वारली चित्रं दिसतात. त्यासाठी नेटवरून चित्र उचलणंही सर्रास चालतं. म्हणून थोडी माहिती:

🔸 पैसे भरून साइटचं सदस्यत्व घेतलं, तरी चित्राचे हक्क विकत मिळत नाहीत. अभ्यासासाठी किंवा स्वतःपुरत्या रास्त वापराला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. पण छापून विकायचं तर परवाना हवाच. चित्रांची चोरी करण्यासाठी साइटचं डिजिटल कुलूप तोडलं, तर याच कायद्याच्या कलम ६५अ नुसार २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

🔸 तारप्याचा फेर किंवा लग्नाचा चौक ही साऱ्या समाजाची परंपरा. पण तो फेर एखाद्या चित्रकाराने आपल्या हाताने रेखाटला, की ते चित्र त्याचं. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार पद्मश्री जिव्या सोमा म्हसे २०१८ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरचे हक्क २०७८ अखेरपर्यंत आहेत.

🔸 वारली चित्रकलेला जीआय मानांकन आहे. ते कलेच्या नावाला संरक्षण देतं; एकेका चित्राला संरक्षण देतो तो कॉपीराइट.

काय करायचं?
✅ फोटोऐवजी मूळ लिंक शेअर करा.
✅ कोपऱ्यातली सही क्रॉप करू नका.
✅ छापण्याआधी लेखी परवानगी घ्या, मानधन ठरवा.

आणि चित्रकार तर आपल्याच जिल्ह्यात आहेत. डहाणू, जव्हार, विक्रमगडला जा, त्यांच्याकडूनच चित्र काढून घ्या. कलेचा पैसा कलाकाराच्या घरी गेलाच पाहिजे!

#वारली #पालघर #बोईसर