डायमंड स्टोन घेताय? आधी त्यावरचा आकडा वाचा!

परभणी : सोयाबीन काढणीत बोथट विळा महागात पडतो. झाडाला हिसका बसला की वाळलेल्या शेंगा तडकून दाणे रानातच सांडतात. फिरत्या चाकावर धार पटकन येते. पण पाते तापून निळे पडले, तर पोलाद मऊ होते आणि धार टिकत नाही. घरीच पाजवायचे असेल, तर डायमंड स्टोन कामाचा. यात धातूच्या पट्टीवर निकेलच्या थरात हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात.

कोणता घ्यावा?

आकडा म्हणजे ग्रिट. तो जितका लहान, तितका स्टोन खरखरीत. खाचा पडलेल्या किंवा जाड झालेल्या पात्याला नव्याने कोन द्यायला ३०० ते ४००, नेहमीच्या धारेला ८०० ते १००० ग्रिट घ्या. विळ्याच्या आतल्या वळणाला रुंद स्टोन टेकत नाही. त्यासाठी मुठीची अरुंद पट्टी बरी.

कसा वापरावा?

पाण्याचे थेंब टाका. स्वयंपाकघरातल्या सुरीला दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंशांचा कोन ठेवा. जोर लावू नका, हिऱ्याचे कण निखळतात. दातेरी विळ्यावर मात्र सपाट स्टोन घासू नका, दातच झिजतील.