चिखलात श्वास घेणारी निवटी
दिघ्याच्या पश्चिमेला ठाणे खाडी. ओहोटीला तिवरांपुढचा चिखल उघडा पडला की निवट्या बाहेर येतात. मासा, आणि पाण्याबाहेर चालतो! कल्ल्यांच्या पोकळीत त्या थोडं पाणी धरून ठेवतात. शिवाय ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू थेट रक्तात जातो. म्हणूनच त्या सारख्या चिखलात लोळतात, कारण कातडी सुकली की श्वास कोंडतो. छातीचे पर स्नायूंनी भरलेले, कोपरासारखे वाकणारे; त्यांवर रेटा देत त्या पुढे सरकतात. डोळे थेट माथ्यावर. जवळून पाहा: एक डोळा क्षणभर खालच्या खोबणीत बुडतो आणि ओला होऊन वर येतो. बाजारात टोपलीतली निवटी बराच वेळ वळवळत राहते, ती या कातडीच्या बळावर.