कार्यशाळांचीही नोंद हवी

मुंबईच्या कापडगिरण्यांना यंत्रे जाणणारी माणसे हवी होती. त्या गरजेतून १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, उभी राहिली. १९२३ मध्ये ती माटुंग्याला हलली. माटुंग्याची वास्तू मुंबईकरांना ठाऊक आहे. भायखळ्याचा काळ मात्र जवळपास पुसला गेला. तंत्रशिक्षणाच्या बाबतीत हे नुकसान मोठे आहे, कारण इथे इमारत हीच अभ्यासाचा भाग असते. त्या काळच्या कार्यशाळेत छताखाली एक लांब दांडा फिरे, त्यावरून चामडी पट्टे खाली येत आणि एकेक लेथ चालू होई. भिंती, खांब, उजेड, सगळे त्या दांड्याच्या हिशेबाने बेतलेले. शेड पाडली की ही रचना समजण्याचा पुरावाच जातो.

यंत्रे बदलतात, जुन्या शेडला कवटाळून विद्यार्थी घडणार नाहीत, हा आक्षेप रास्तच आहे. पण माझी मागणी शेड टिकवण्याची नाही. पाडण्याआधी मोजमापे घ्या, नकाशे काढा, तिथल्या जुन्या कारागिरांना बोलते करा. दर्शनी कमानींसाठी आपण वारसायादीचा आग्रह धरतो. भट्टी आणि ऐरणीच्या जागेसाठी एवढे तरी व्हायलाच हवे.